बारदानाचे पडदे

गाय धापायला लागली की आवाज आधी बरगड्यांतून येतो, मग नाकातून, आणि अगदी शेवटी तोंडातून. तोंड उघडलं, जीभ जराशी बाहेर आली, लाळेची तार जमिनीला टेकली, की उन्हाळा आला म्हणून समजायचं. कॅलेंडर काय म्हणतं ते म्हणू दे. परवा दुपारी सोनीनं असं तोंड उघडलं आणि माझ्या हातातला खराटा जागच्या जागी थांबला. मी आधी सोनीकडं पाहिलं नाही. आधी मागं वळून पाहिलं, कुणी माझ्याकडं बघतंय का.

ही सवय मला एका उन्हाळ्यानं लावली. तो उन्हाळा मागं पडला, सवय राहिली.

चितेगावच्या पुढं, पैठण रस्त्यावरून आत वळलं की कुसुमकाकूंचा गोठा लागतो. गोठ्याच्या भिंतीला भिंत लावून एक खोली आहे, तीत मी राहते. माझं गाव आर्वीकडं, वर्धा जिल्ह्यात. घर गाईवाल्यांचं. आमच्या गाई पांढऱ्या, उंच, वशिंडाच्या. उन्हात चरायच्या, तापलं की झाडाखाली उभ्या राहायच्या. त्यांच्यामागं हिंडायला माणूस कमी पडलं म्हणून मी सहावीतून उठले. वाचायची आवड तेवढी टिकली. पुढं नवऱ्याला इकडच्या कारखान्यात काम लागलं, आम्ही आलो, आणि इथं बस्तान बसतंय तोवर काविळीनं त्याला नेलं. काकूंकडं मी दूध घ्यायला यायचे, एवढीच ओळख. त्यांनी एक दिवस चरवीत दूध ओतता ओतता विचारलं, "गाईचं समजतं ना तुला? मग ये की इकडंच." भांडं भरेपर्यंत माझं सगळं ठरलं होतं.

एवढं सोपं मिळालेलं छप्पर रोज डोक्यावर आहे ना, हे बघावं लागतं. उपकारात राहणाऱ्याची झोप हलकी असते. कुणी उगाच जास्त प्रेमानं बोललं तरी वाटतं, काहीतरी ठरलंय. कुणी नेहमीसारखं बोललं नाही तर वाटतं, नक्कीच ठरलंय. काकूंचा मुलगा विलास शहरात नोकरीला. सकाळी दुधाचे कॅन गाडीवर टाकून शहरातल्या छावणी वस्तीत पोचवायचे आणि तिथूनच कामावर जायचं, असा त्याचा शिरस्ता. जाताना तो रोज "येतो, मावशी," म्हणायचा. ज्या दिवशी नुसताच गेला, त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत त्या नुसतं जाण्याचा अर्थ लावत बसायचे.

तर त्या उन्हाळ्याची गोष्ट. काकू चार दिवस शहरात नातेवाइकांच्या घरी राहून आल्या होत्या. तिथं खिडकीत कूलर. गवताच्या जाळीवरून पाणी झिरपतंय आणि खोलीत गारवा. परत आल्या त्या गोठ्याच्या दारात उभ्या राहिल्या आणि बराच वेळ गाईंकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "आपुन गारव्यात निजायचं आन् या मुक्यांनी तापायचं, हे काय बरं नाय."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बारदानं शिवायला घेतली. पेंडीची रिकामी पोती उसवायची, झटकायची, एकाला एक जोडायची. दाभण त्यांच्या हातात, दोरा ओवायला मी. बोटांना भोकं पडली तरी बाई थांबेना. गोठ्याच्या चारी बाजूंनी छपरापासून जमिनीपर्यंत पडदे झाले. वरच्या वाश्याला विलासनं भोकं पाडलेला पाइप बांधला. नळ सोडला की पडदे वरून खाली काळे होत जायचे आणि ओल्या तागाचा वास सुटायचा, पहिल्यांदा चुलीवर ठेवलेल्या मातीच्या भांड्यासारखा. गरम वाऱ्याची लू आत यायची बंद झाली. बाहेरची माणसं बघायला यायची. पडदा बाजूला करून आत हात घालायची आणि म्हणायची, कुसुमबाई, तुमच्या गाई आमच्यापेक्षा सुखात हायेत. काकू हसायच्या. पदर नीट करायच्या.

एक गाय तेवढी बाहेर राहिली. कबरी. ती गाभण होती, आटवलेली, दूध बंद. पडद्याआड जागा मोजकीच आणि ती दुभत्या गाईंसाठी. काकू म्हणाल्या, हिला काय, व्याली की घेऊ आत. म्हणून कबरी बांधाजवळच्या कडुनिंबाखाली बांधली गेली. तिला बघायचं काम माझं. मला तिची दया यायची. सगळ्या लेकी माडीवर आणि ही एकटी ओसरीला, असं वाटायचं.

आता मागं वळून बघते तेव्हा पहिली गोष्ट आठवते ती आवाजाची. गोठ्यात दुपारी एक आवाज असतो. गाई बसलेल्या असतात, डोळे अर्धे मिटलेले, आणि सगळ्यांचे जबडे सावकाश चाललेले. रवंथाचा तो आवाज ऐकत मी लहानाची मोठी झाले. माझे बाबा म्हणायचे, "गाय किती खाते ते नको पाहू. रवंथ किती करते ते पाह्य." त्या उन्हाळ्यात पडद्याआडचा तो आवाज गेला. त्याच्या जागी नुसतं धापणं. गाई बसायच्या सोडून उभ्याच. खाली ओल, वर पत्रा. मला ते जाणवत होतं, पण त्याचा अर्थ लागत नव्हता. आणि अर्थ लागला असता तरी ज्या बाईनं दाभणानं बोटं फोडून घेतली, तिला जाऊन काय सांगायचं?

मग दूध उतरलं. थोडं नाही, चांगलंच. त्यात छावणीतून तक्रार आली. तिथं एक हॉटेलवाले चाचा आमचं दूध घ्यायचे. त्यांनी विलासला सगळ्या गिऱ्हाइकांसमोर ऐकवलं, "विलासभाई, चाय फट रई अपनी. दूध में क्या डाल रे, तुमको मालूम नहीं तो घर में पूछो किसी को."

घर में पूछो. विलासनं घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं, आणि त्या संध्याकाळपासून आमच्याकडं विचारणं सुरू झालं. पण तोंडानं कुणीच विचारत नव्हतं.

पहिला संशय कडब्यावर. कडबा कन्नड तालुक्यातून आला होता. काकूंनी पेंढी सोडून हुंगली. काळी पडली का, बुरशी आहे का, उन्हात धरून बघितली. कडबा स्वच्छ. मग पेंड. विलासनं मूठभर पेंड पाण्यात कालवून पेला उजेडात धरला आणि तळाला काय बसतंय ते बघत राहिला. मग बोअरचं पाणी. मग लस देऊन गेलेला माणूस. त्यानंच काहीतरी टोचलं, म्हणून गाई बिघडल्या. संशयाला खायला रोज नवं लागतं. कालचं शिळं झालं की तो पुढच्या दाराशी जातो. मी हे सगळं बघत होते आणि दारं मोजत होते. माझं दार किती लांब आहे?

काकूंनी त्यात आणखी एक केलं. त्यांची जुनी समजूत अशी की गव्हाण कधी रिकामी दिसू नये, रिकामी गव्हाण म्हणजे घरातलं दळिद्र. गाई खाईनात तसं त्या दुपारचं आंबोण, म्हणजे पेंडभुशाचं कालवण, आणखी वाढवायला लागल्या. ओलं आंबोण त्या कोंडीत तासाभरात आंबूस वास मारायचं. गाई हुंगायच्या आणि तोंड फिरवायच्या. काकूंना वाटायचं, रुसल्यात. त्या राणीच्या तोंडावरून हात फिरवत म्हणायच्या, "खा गं माय. काय केलं कुणी तुला?"

ते "कुणी" माझ्या कानाला लागायचं.

राणी म्हणजे गोठ्यातली सगळ्यात जास्त दुधाची गाय. तिच्या मागच्या सडातून एक दिवस पाण्यासारखं आणि गुठळ्यागुठळ्यांचं दूध आलं. कास एका बाजूनं दगडासारखी. हात लावू देईना. गोठ्याच्या दारावर त्याच दिवशी बिब्बा आला, लिंबू-मिरची आली आणि एक काळी बाहुली आली. बाहुलीचं तोंड रस्त्याकडं करतात. ही माझ्या खोलीकडं बघत होती. वाऱ्यानं फिरली असेल. मी ती दोनदा सरळ करायला गेले आणि दोनदा हात मागं घेतला. करताना कुणी पाहिलं असतं तर?

आणि त्या सगळ्यात कबरी ठणठणीत. कडुनिंबाखाली बसून कडबा चघळतेय, रवंथ करतेय, शेपटीनं माश्या हाकतेय. अंगावर तकाकी. आजवर मी तिची दया करत आले होते. आता मला तिची भीती वाटायला लागली. जिला मी बघते तीच एक चांगली, बाकीच्या सगळ्या आजारी. याचा अर्थ काय होतो ते कळायला सातवी लागत नाही.

एका दुपारी मी पडद्याच्या बाहेरून पाइपाचं पाणी बघत होते. आत विलास आणि काकू. ओल्या बारदानातून माणूस दिसत नाही, बोलणं मात्र ऐकू येतं.

"आई, कबरीलाच कसं काय होईना?" विलास म्हणाला.

"नाय झालं तर बरंच हाय की."

"बरं हाय. पर तिला खाया कोण घालतं? चांगली पेंड कुठं चालली, तू बघतीस का कधी?"

पाण्याचे थेंब तेवढे टपकत होते. मग काकू म्हणाल्या, "कबरी व्यालेली बघू. मग त्या बाईला तिच्या गावाला धाडू. वंगाळ बोलायचं नाय, निस्तं धाडायचं."

नुसतं धाडायचं. मी नळ बंद केला आणि खोलीत जाऊन बसले. कुठल्या गावाला? आर्वीच्या घरात आता भावाचा मुलगा राहतो. गाई विकून त्यानं मोटारसायकल घेतली. मला राग आला नाही. खरं सांगते, त्याही वेळी मनात आधी हेच आलं की बाईनं वाईट बोलणार नाही म्हटलंय, केवढी भली आहे. उपकारानं माणसाचा राग असा आतल्या आत मिंधा होतो.

त्यानंतर काकू दुधाची बादली घेऊन माझ्यासमोरून गेल्या, तेव्हा त्यांनी डोक्यावरचा पदर ओढून बादलीवर घातला. माझ्याकडं पाहिलं नाही. दृष्ट लागू नये म्हणून बाया दूध झाकतात, मीही माहेरी झाकलंय. कुणापासून झाकायचं हे झाकणाऱ्या बाईला नीट माहीत असतं.

राणीची कास उतरेना तेव्हा विलासनं डॉक्टरांना बोलावलं. एक बाई आल्या, तरुण, स्कूटरवरून, चेहऱ्याला ओढणी गुंडाळलेली. त्यांनी राणीला तपासलं, सगळ्या गाईंच्या कुशीला मूठ दाबून बघितलं, गव्हाणीतलं आंबोण हुंगलं. विलास त्यांना कडब्याचं, पेंडीचं, लसीचं सांगत होता. मी खांबाशी उभी. आता तो कबरीचं सांगेल, याची वाट बघत. त्यानं सांगितलं.

"बाहेर एक हाय मॅडम, तिला मातर कायबी नाय."

डॉक्टरबाईंनी बाहेर जाऊन कबरीला पाहिलं. परत आल्या आणि हात पुसायला खिळ्यावरचं फडकं घेतलं, कास पुसायचं. घेतलं आणि तसंच हातात धरून राहिल्या.

"हे कधी धुतलं?"

धुवायचं काम माझं. मी म्हटलं, "सकाळी. पिळून टाकलं होतं."

"आणि अजून ओलं?"

त्यांनी ते फडकं बाहेर नेलं आणि कबरीच्या दाव्यावर टाकलं. मग चहा आला. कपातला चहा संपायच्या आधी त्यांनी मला फडकं आणायला सांगितलं. वाळून कुरकुरीत झालं होतं.

"गाईचंही असंच आहे," त्या म्हणाल्या. "तिचा घाम वाळला, श्वासातली वाफ बाहेर गेली, तर ती गार होते. इथं वाळणार कसं? वारा यायला जागाच नाही."

मग त्यांनी पुष्कळ समजावलं. मला जेवढं कळलं तेवढं सांगते. तापलेली गाय चारा सोडते, कारण चारा पचताना पोटात आणखी उष्णता होते. धापते तशी लाळ गळून जाते, आणि पोटातलं आंबट मोडायला तीच लाळ लागते. पोट बिघडतं, दूध पातळ होतं. आणि शरीराच्या आत जी राखण असते, रोगाला दारातच अडवणारी, तिलाही पोटभर खाणं लागतं. राखणदार उपाशी राहिला की एरवी जो जंतू आत शिरलाच नसता तो सडातून आत जातो. खालची ओल त्याला आयतीच. लस दिली तरी तिचा गुण यायला गाय खाती-पिती असावी लागते. म्हणाल्या, चारा पहाटे आणि ऊन उतरल्यावर घाला. दुपारी गव्हाण रिकामी राहू द्या, पाणी मात्र सावलीत आणि भरपूर. क्षार मिश्रण आणि थोडा खायचा सोडा किती द्यायचा तेही सांगितलं. आणि निदान दोन बाजूंचे पडदे काढा, गाईच्या अंगावर पाणी मारा आणि त्या पाण्याला वारा लागू द्या.

विलास मान हलवत होता. काकू हलल्या नाहीत. मी त्यांच्या बोटांकडं बघत होते; दाभणाच्या खुणा अजून काळ्या होत्या. म्हणजे ना कडबा, ना पेंड, ना लसवाला, ना मी. जे झालं ते त्यांच्या मायेनं झालं होतं. माझी सुटका झाली होती आणि मला हसू येत नव्हतं. त्यांना ते कसं लागलं असेल, तेवढंच डोक्यात.

काकू उठल्या. विळा घेतला आणि पडद्यांचे दोर स्वतः कापले. बारदानं ओली, जड, धपकन पडली. आत वारा आला तशी राणीनं मान वर केली. काकू विलासला एवढंच म्हणाल्या, "बघत काय ऱ्हायलास, उचल की."

राणी वाचली, पण तिचं एक सड कायमचं बंद झालं. दूध हळूहळू चढलं. मला सगळ्यात आधी मिळाला तो आवाज, चारपाच दिवसांनी, दुपारी. जबड्यांचा. मी खोलीत पडले होते, उठून बसले.

मला गावाला धाडायचं पुन्हा निघालं नाही. "धाडत नाही," असंही कुणी म्हटलं नाही. कबरी व्याली, कालवड झाली. वासराला चीक पाजून उरला त्याचा काकूंनी खरवस केला आणि पहिली वाटी माझ्या खोलीत आणून ठेवली, वेलदोडा घातलेली. शेजारी नंतर, विलास नंतर. गोड होता. पण मी प्रत्येक घासाला विचार करत होते, हा वाटा आहे की भरपाई? आणि असा विचार करणारी मी कसली कृतघ्न, हाही विचार त्याच घासाबरोबर.

कधी कधी वाटतं, डॉक्टरबाई आल्या नसत्या तर? फडकं त्या दिवशी मी धुतलं नसतं तर? आपली जागा एका फडक्यावर टिकली हे माहीत असलेल्या माणसानं कशावर विश्वास ठेवायचा? पडदे गेले, पण माझ्या आत त्या दुपारचं काहीतरी अजून लोंबतंय, वारा न लागलेलं.

आता कबरी म्हातारी आहे. तिची कालवड म्हणजेच ही सोनी. छपराखाली पंखे आलेत, दोन बाजू सताड उघड्या. दुपारी गव्हाण रिकामी असते आणि काकू तिकडं बघायचं टाळतात. त्यांची नजर अधू झाली आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन त्या पुढं ढकलतात. ओट्यावर बसून आवाजांवरून सगळं ओळखतात. कोण उठलं, कुणी पाणी प्यायलं.

सोनीनं तोंड उघडलं त्या संध्याकाळी दूध थोडं उतरलं. थोडंच, ऊन वाढलं की उतरतंच. पण मी ते ओझरत्या नजरेनं मापलं आणि मागं वळून पाहिलं. धार काढून बादली घेऊन ओट्यासमोरून जाताना मी रोजच्यासारखा पदर ओढून तिच्यावर घातला.

"सुमन," काकू म्हणाल्या.

मी थांबले.

"दूध झाकतीस व्हय गं? पदराचा आवाज येतो मला रोज."

मी पदर आणखी घट्ट धरला.

"इथं तू आन् मी. मला तर दिसत नाय. झाकतीस कुणापासनं?"

त्यांनी स्वतः माझ्यासमोर बादली झाकली होती, तो दिवस त्यांना आठवत होता का? विसरून विचारलं, की आठवून? त्यांच्या चेहऱ्यावर काही वाचता येईना. अधू डोळ्यांचा चेहरा तसा कुणालाच काही सांगत नाही. काय उत्तर द्यायचं? त्या उन्हाळ्यापासून रोज सकाळ-संध्याकाळ मी हे दूध झाकत आलेय, माझी नजर त्यावर पडली असं उद्या कुणी म्हणू नये म्हणून. मी ते माझ्यापासूनच झाकत होते.

"असंच, काकू," मी म्हटलं.

"असंच नको. काढ."

मी पदर काढला. वाऱ्यानं फेस एका बाजूला सरकला. काकूंनी हात पुढं केला, चाचपत बादलीची कड शोधली आणि जवळ ओढली. म्हणाल्या, "आता बघून सांग मला, कितपत उतरलं."

मी वाकले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या दुधाकडं डोळे भरून पाहिलं.